विजेवरची मोटार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी वाचकांची पत्रे सातत्याने येत असतात. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच शंकेकडे असतो: ही गाडी रोजच्या व्यवहारात खरोखर उपयोगी पडते का, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विचार करता तिच्यात पैसे घालणे शहाणपणाचे आहे का. अशा प्रश्नांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हिशेबासाठी ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी असलेली मध्यम आकाराची गाडी धरली आहे. एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट, म्हणून पुढे सर्वत्र युनिट असेच म्हटले आहे.

प्रश्न : माझे रोजचे येणे-जाणे सुमारे ४० किलोमीटरचे आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा कुटुंबासह लांबचा प्रवास होतो. कंपनीने पल्ला ४०० किलोमीटर सांगितला असला, तरी गाडी वाटेत बंद पडेल अशी घरच्यांना धास्ती वाटते. माझ्यासारख्याला विजेची गाडी सोयीची पडेल का?

उत्तर : आपल्या पत्रात एक महत्त्वाचा तपशील राहून गेला आहे, तो म्हणजे आपली गाडी रात्री कुठे उभी राहते. चर्चेत पल्ल्याला अग्रमान मिळत असला, तरी या गाडीची सोय-गैरसोय सर्वांत जास्त अवलंबून असते ती या एका गोष्टीवर, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी उभी राहते त्या जागी आपल्या मालकीचा किंवा हक्काचा विजेचा प्लग असेल, तर आपला रोजचा प्रश्न जवळपास सुटल्यात जमा आहे. मध्यम आकाराची गाडी शहरी वापरात दर १०० किलोमीटरला सुमारे १५ युनिटे खाते, म्हणजे आपल्या ४० किलोमीटरांना ६ युनिटे लागतील. चार्जिंगमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा भाग धरला, तर मीटरवर ७ युनिटे पडतील. ज्या देशांत घरगुती वीज २३० व्होल्टची आहे, तिथे १५-१६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून सुमारे ३ किलोवॉटने चार्जिंग होते, तेव्हा एवढी वीज भरायला अडीच तासही लागणार नाहीत. गाडी रात्रभर दहा तास जोडलेली राहिली, तर दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतराची बेगमी होते. भिंतीवर बसवायचा ७ किलोवॉटचा चार्जर असला तर उत्तमच, पण आपल्या वापरासाठी तो अत्यावश्यक नाही.

लांबच्या प्रवासाचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो आणि तो विक्रेता सहसा करून दाखवत नाही. जाहीर केलेला पल्ला ठरावीक चाचणीचक्रात मोजलेला असतो आणि त्या चक्रात सरासरी वेग कमी असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे महामार्गावर ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वेगाने जाताना याच गाडीला दर १०० किलोमीटरला १८ ते २० युनिटे लागू शकतात. पेट्रोलच्या गाडीत हा फरक इतका जाणवत नाही, कारण शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात तिचे इंजिन मुळातच बरीच ऊर्जा वाया घालवते. विजेच्या मोटारीत ती उधळपट्टी नसल्याने वाऱ्याचा वाटा ठळकपणे दिसतो. शिवाय प्रवासात बॅटरी १० टक्क्यांच्या खाली नेऊ नये आणि जलद चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे थांबण्यात अर्थ नसतो. म्हणजे घरून पूर्ण भरून निघाल्यावर पहिला टप्पा सुमारे २०० किलोमीटरचा मिळेल, परंतु त्यानंतरचा प्रत्येक टप्पा १६० किलोमीटरांच्या आसपासचा असेल. नेहमीच्या लांब मार्गाचा नकाशा समोर ठेवून त्या अंतरांवर चालू स्थितीतले, आणि शक्यतो एकाहून अधिक, जलद चार्जर आहेत का हे गाडी घेण्यापूर्वी तपासावे. एकाच ठिकाणी एकुलता एक चार्जर असेल, तर तो बंद असण्याची शक्यता धरूनच पुढचे गणित मांडावे.

रात्री हक्काचा प्लग नाही, कामाच्या ठिकाणीही चार्जिंगची सोय नाही आणि सगळी भिस्त सार्वजनिक चार्जरवरच राहणार आहे, अशी परिस्थिती असेल, तर मी आपल्याला सध्या थांबायला सांगेन. सार्वजनिक जलद चार्जिंगचा दर बहुतेक ठिकाणी घरच्या विजेहून बराच जास्त असतो, त्यामुळे खर्चातली बचत आटते आणि वर रांगेत उभे राहण्याचा त्रास होतो तो वेगळाच.

प्रश्न : जलद चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरणारी बॅटरी पुढच्या २० टक्क्यांना जवळपास तितकाच वेळ का घेते? जलद चार्जिंगने ती लवकर खराब होते, हे खरे आहे का?

उत्तर : बॅटरी भरताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, धन बाजूकडून निघून ऋण बाजूच्या ग्रॅफाइटकडे (कार्बनच्या एका थरदार रूपाकडे) जातात आणि त्याच्या थरांमधल्या फटींत शिरून बसतात. सुरुवातीला या फटी रिकाम्या असल्याने मोठा प्रवाह सोडला तरी आयनांना आत सामावून घेतले जाते. ग्रॅफाइट भरत आले की आत शिरण्याचा वेग मंदावतो. त्या वेळी प्रवाह तितकाच मोठा ठेवला, तर काही आयन आत न शिरता पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतात. असा साचलेला लिथियम बऱ्याच अंशी कायमचा निकामी होतो, म्हणजे बॅटरीची तेवढी क्षमता गेली. आणि त्याचे सुईसारखे कोंब वाढून दोन बाजूंमधल्या पडद्यापर्यंत पोहोचले, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोकाही असतो. हे टाळण्यासाठी गाडीतली नियंत्रणप्रणाली स्वतःच प्रवाह कमी करत नेते. थंडीत हे आयन आणखी संथ होतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत तोच चार्जर अर्ध्या वेगानेच काम करतो आहे असे दिसते. चांगल्या गाड्यांमध्ये रस्ता दाखवणाऱ्या यंत्रणेत चार्जिंगचे ठिकाण घातले की तिथे पोहोचेपर्यंत बॅटरी आपोआप योग्य तापमानाला आणून ठेवली जाते.

प्रवासात जलद चार्जर वापरण्याने घाबरण्यासारखे काही होत नाही. रोज, त्यातही भर उन्हात तापलेल्या बॅटरीवर, जलद चार्जिंग करत राहिल्यास झीज वाढते. घरी सावकाश, प्रवासात जलद, एवढी सवय पुरेशी आहे.

प्रश्न : आठ-दहा वर्षांनी बॅटरी संपली की गाडी भंगारात काढावी लागेल, असे सगळे सांगतात. मग आज वाचवलेले पैसे शेवटी बॅटरीतच घालायचे का?

उत्तर : ही भीती मोबाइलच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती समजण्यासारखी आहे, परंतु गाडीच्या बॅटरीचे आयुष्य मोबाइलवरून ठरवू नये. मोबाइलमध्ये बॅटरी थंड ठेवण्याची गाडीसारखी व्यवस्था नसते, ती जवळजवळ रोज शून्याच्या आसपास नेली जाते आणि शंभर टक्क्यांवर तासन्‌तास ठेवली जाते. गाडीत शेकडो सेलांवर, म्हणजे बॅटरीच्या सुट्या घटकांवर, सतत लक्ष ठेवणारी नियंत्रणप्रणाली असते, दोन्ही टोकांना काही क्षमता राखीव ठेवलेली असते आणि बहुतेक आधुनिक गाड्यांत बॅटरीभोवती द्रव खेळवून तिचे तापमान मर्यादेत ठेवले जाते. हा शेवटचा मुद्दा किती निर्णायक आहे याचे उदाहरण इतिहासातच आहे. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या निसान लीफ या गाडीत द्रवाने थंड होणारी बॅटरी नव्हती, आणि अमेरिकेतील ॲरिझोनासारख्या उष्ण प्रदेशात पहिल्या दोन-तीन वर्षांतच क्षमता घटल्याच्या तक्रारी तिच्या मालकांनी केल्या. त्याच गाड्या थंड हवेच्या देशांत तुलनेने बऱ्या टिकल्या. म्हणून उष्ण प्रदेशात राहणाऱ्याने गाडी घेताना बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेवर सोडलेली आहे, हा प्रश्न पल्ल्याच्याही आधी विचारावा.

झीज दोन तऱ्हांनी होते. एक वापराने, म्हणजे भरण्या-रिकामे होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात थोडी-थोडी. दुसरी नुसत्या काळाने, गाडी उभी असली तरीही. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो, तो बॅटरीला आवश्यकच असतो, पण तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात कामाचा लिथियम अडकून पडतो. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन्हींनी ही क्रिया वेग धरते. यावरून वापराचा नियम आपोआप निघतो: महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर ती निम्म्याच्या आसपास भरून सावलीत ठेवावी, १०० टक्के भरून उन्हात ठेवू नये.

बॅटरीच्या रसायनाकडेही पाहावे लागते. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या बॅटरीत कमी वजनात जास्त वीज मावते, पण ती रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरणे हिताचे असते. लोह-फॉस्फेटवर चालणारी, जिला एलएफपी म्हणतात, ती वजनाला जड पडते आणि थंडीत लवकर आळसावते, मात्र ती अधिक फेरे सहन करते, तापून पेट घेण्याला जास्त विरोध करते आणि तिच्यात कोबाल्ट व निकेल अजिबात नसते. एलएफपी बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण भरा, असे बरेच उत्पादक सांगतात. या बॅटरीचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहतो, त्यामुळे किती वीज उरली आहे याचा नियंत्रणप्रणालीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरल्यावर तो अंदाज पुन्हा जुळवून घेता येतो. ही सूचना न पाळणाऱ्यांच्या गाडीत पडद्यावर १५ टक्के दिसत असताना एकाएकी ५ टक्के दिसू लागण्याचे प्रकार घडतात. रोजचा वापर शहरातला, हवा उष्ण आणि गाडी दहा वर्षे ठेवण्याचा विचार असेल, तर दोन रसायनांपैकी मी एलएफपीचीच शिफारस करीन.

हमीबद्दल सांगायचे, तर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर क्षमता ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, ही अटींची सर्वसाधारण पद्धत आहे. हमी संपली म्हणजे बॅटरी संपली, असा त्याचा अर्थ होत नाही. क्षमता ७५ टक्क्यांवर आलेली आपली गाडी शहरात एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटरांच्या वर सहज जाईल. एखादा सेल बिघडला तरी अनेक गाड्यांत पूर्ण पॅक, म्हणजे अख्खी बॅटरी, न बदलता त्याचा एक भाग, म्हणजे मॉड्यूल, बदलता येतो. परंतु अलीकडे काही उत्पादक मॉड्यूलची रचनाच टाळून सेल थेट पॅकमध्ये बसवतात, तिथे अशी दुरुस्ती कठीण होते. गाडी दुरुस्त होईल अशी बांधलेली असावी, ही मागणी ग्राहकांनी जोर लावून केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. २०१० पासून बॅटरीची प्रति युनिट किंमत जगभरात सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली आहे, त्यामुळे आजच्या दराने दहा वर्षांनंतरचा खर्च काढणेही बरोबर होणार नाही.

प्रश्न : वीज कोळशाचीच असेल, तर धूर गाडीतून न निघता वीजकेंद्रातून निघतो, एवढाच काय तो फरक. मग या गाड्यांना पर्यावरणपूरक म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : आपल्या शंकेत तथ्य आहे, म्हणून ती आकड्यांनी तपासू. कोळशाच्या केंद्रातून एक युनिट वीज निर्माण होताना जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वहनातली आणि चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरसाठी १८ युनिटे निर्माण करावी लागली, तर १७-१८ किलो कार्बन डायऑक्साइड झाला. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतराला सुमारे ६.७ लिटर पेट्रोल जाळते. एका लिटरमधून २.३ किलो, म्हणजे १५ किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यांचा भार मिळवला की तोही १८ च्या घरात जातो. तात्पर्य, संपूर्ण वीज कोळशाची असेल तर दोन्ही गाड्यांची जवळपास बरोबरी होते. जगाची सरासरी घेतली, तर दर युनिटामागचे उत्सर्जन कोळशाच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि नॉर्वेसारख्या जवळजवळ पूर्णपणे जलविद्युत वापरणाऱ्या देशात ते नगण्य आहे.

यात बॅटरीच्या निर्मितीचे उत्सर्जन मिळवायला हवे. प्रति युनिट क्षमतेमागे ६० ते १०० किलो, हा बऱ्याच अभ्यासांत येणारा अंदाज धरला, तर आपली ४५ युनिटांची बॅटरी कारखान्यातून बाहेर पडतानाच तीन-चार टन कार्बन डायऑक्साइडचे ओझे घेऊन येते. जलविद्युतेवर हे ओझे सुमारे २० हजार किलोमीटरांत फिटते, जागतिक सरासरीच्या विजेवर त्याला ३५ ते ४० हजार किलोमीटर लागतात, आणि निव्वळ कोळशाच्या विजेवर ते फिटत नाही. असे असूनही मी या गाडीच्या बाजूने आहे. रस्त्यावर आलेली पेट्रोलची गाडी आपल्या हयातीत स्वच्छ होण्याची शक्यता नसते. विजेच्या गाडीचे उत्सर्जन मात्र सौर आणि पवन वीज वाढत जाईल तसे तिच्या मालकाने काहीही न करता घटत जाते. शिवाय दाट वस्तीत माणसांच्या नाकाशी सुटणारा धूर बंद होतो, याचे मोल मुलांच्या आणि वृद्धांच्या फुप्फुसांसाठी फार मोठे आहे. टायर झिजून उडणारी बारीक धूळ मात्र राहतेच, उलट गाडीचे वजन जास्त असल्याने ती काहीशी वाढू शकते.

दुसरी काळजीची बाब खाणींची. जगातला बहुतांश कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि तिथल्या हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुले राबतात, हे उघड झालेले वास्तव आहे. एलएफपीसारख्या कोबाल्टविरहित बॅटऱ्यांचा प्रसार आणि जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळवण्याची सक्ती, हे त्यावरचे दोन ठोस उपाय आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक कायद्यात अशी सक्ती टप्प्याटप्प्याने आणली आहे.

प्रश्न : आमच्या निवासी संकुलात वीस रहिवाशांनी चार्जर बसवण्याची परवानगी मागितली आहे. सगळ्यांनी एकदम चार्जिंग लावले तर ट्रान्सफॉर्मर जळेल, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. समितीने काय करावे?

उत्तर : ७ किलोवॉटचे वीस चार्जर संध्याकाळी सातला एकदम सुरू झाले, तर १४० किलोवॉटचा भार येईल, आणि तो स्वयंपाक, दिवे, लिफ्ट यांच्या ऐन वेळेच्या भारावर येईल. त्यामुळे सदस्यांची काळजी निराधार नाही. पण आता दुसऱ्या बाजूने पाहा. प्रत्येक गाडीला दिवसाला ७ युनिटे पुरत असतील, तर वीस गाड्यांची गरज १४० युनिटांची आहे, आणि ती रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत पसरली, तर सरासरी भार अवघा साडेसतरा किलोवॉटचा होतो. म्हणजे अडचण विजेच्या एकूण प्रमाणाची नसून वेळेची आहे, आणि वेळ वाटून देणारी यंत्रणा उपलब्ध आहे. संकुलाचा एकूण भार मोजून उरलेली क्षमता चालू चार्जरांत वाटून देणारे असे चार्जर मिळतात. लिफ्ट आणि पंप चालू झाले की ते आपोआप हात आखडता घेतात आणि मध्यरात्रीनंतर पूर्ण वेगाने भरतात. समितीने प्रत्येकाला आपापला सुटा चार्जर बसवू देण्याऐवजी अशी एकच सामाईक व्यवस्था, प्रत्येकाच्या वेगळ्या मीटर-नोंदीसह, उभी करावी. खर्च वाटला जाईल आणि पुढे एकविसावा अर्ज आल्यावर वाद उरणार नाही.

तोवर कोणी साध्या सॉकेटवरून चार्जिंग करत असेल, तर त्या जागेची पाहणी तज्ज्ञ वायरमनकडून करून घ्यावी. घरातला सॉकेट इस्त्रीसाठी दहा मिनिटे पूर्ण प्रवाह सहज देतो. पण तोच प्रवाह सलग आठ तास गेला, की सैल पिन, बारीक तार आणि जुनाट जोड तापू लागतात. सॉकेटचे तोंड पिवळट किंवा तपकिरी पडलेले दिसले, प्लग काढताना पिन चटका देण्याइतकी गरम लागली, तर चार्जिंग तिथेच थांबवावे. योग्य जाडीची स्वतंत्र तार, चांगले अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच या तीन गोष्टी असल्याशिवाय परवानगी देऊ नये. एक्स्टेंशन बोर्डावरून चार्जिंग करण्यास तर सक्त मनाई करावी.

प्रश्न : पावसात किंवा साचलेल्या पाण्यात या गाडीचा शॉक बसतो का? आणि आग लागली तर ती विझत नाही, हे खरे का?

उत्तर : पावसात गाडी चालवणे आणि चार्ज करणे, दोन्ही सुरक्षित आहे. बॅटरीचा डबा सीलबंद असतो आणि गळती जाणवताच मुख्य जोड आपोआप तुटतो. पुराचे पाणी, विशेषतः खारे पाणी, ही वेगळी बाब आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी नंतर पेट घेतला होता. तेव्हा बुडून निघालेली गाडी स्वतः सुरू करून पाहू नये, इमारतीपासून दूर मोकळ्यावर ठेवावी आणि सेवा केंद्राला कळवावे.

आगीच्या घटना या गाड्यांत पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा कमी प्रमाणात घडतात, असे नॉर्वे आणि स्वीडनमधल्या नोंदींवरून दिसते. रस्त्यावरच्या विजेच्या गाड्या सरासरीने नव्या आहेत, हेही ती तुलना करताना लक्षात ठेवावे. मात्र लागलेली आग खरोखरच चिवट असते. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो, बंद डब्यात पाणी पोहोचत नाही, आणि विझल्यासारखी वाटलेली आग काही तासांनी पुन्हा भडकू शकते. जवळ जाऊन स्वतः विझवण्याचा प्रयत्न करू नये. त्या धुरात विषारी वायू असतात. लांब जाऊन अग्निशमन दलाला गाडी विजेची असल्याचे आवर्जून सांगावे.

प्रश्न : घन बॅटरी, सोडियम बॅटरी, हायड्रोजन असे रोज नवे काही वाचायला मिळते. सरकारे मात्र कधी सवलत देतात, कधी काढून घेतात. अशा वेळी थांबावे की घ्यावे? आणि या गाड्यांचे पुढे होणार तरी काय?

उत्तर : विजेची मोटार एकदा येऊन गेलेली आहे, हे आजच्या उत्साहात विसरले जाते. १८९९ मध्ये कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने विजेच्या गाडीतूनच ताशी १०० किलोमीटरचा टप्पा प्रथम ओलांडला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या शहरांत या गाड्या मोठ्या संख्येने होत्या, कारण पेट्रोलची गाडी समोरचा दांडा हाताने जोराने फिरवून सुरू करावी लागे. १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीत बटनाने सुरू होणारा स्टार्टर आला, पेट्रोल स्वस्त झाले, शहराबाहेरचे रस्ते सुधारले आणि जड शिसे-आम्लाच्या बॅटरीला त्या लांब रस्त्यांवर टिकाव धरता आला नाही. या वेळी मूळ अडचणच सुटली आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली, तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्या शोधाने वजनाचे गणित पालटले.

म्हणून दिशा ठरली आहे, असे मी निश्चितपणे म्हणेन. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या पाच नव्या मोटारींपैकी एकीहून अधिक मोटारी विजेच्या किंवा प्लगवर भरता येणाऱ्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, होत्या. चीनमध्ये हे प्रमाण जवळपास निम्मे होते. त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेच्या होत्या. नॉर्वेत हे एका रात्रीत घडले नाही: विजेच्या गाड्यांना तिथे १९९० च्या दशकापासून करांत सूट मिळत आली, २००१ पासून मूल्यवर्धित करही माफ झाला, आणि बऱ्याच कुटुंबांच्या घराशेजारी गाडी लावायला स्वतःची जागा आहे. गती मात्र सर्वत्र सारखी राहणार नाही. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये खरेदीचे अनुदान अचानक बंद केले आणि पुढच्या वर्षी तिथली विक्री लक्षणीयरीत्या घसरली. सवलत कधीतरी संपणारच, पण ती कधी आणि कशी संपेल हे लोकांना आधीपासून माहीत असले पाहिजे.

नव्या तंत्रांपैकी सोडियमच्या बॅटरीकडे मी अधिक आशेने पाहतो. सोडियम विपुल आहे, थंडीत ती चांगली चालते आणि चीनमध्ये ती लहान गाड्यांत बसवली गेली आहे. वजनाच्या मानाने वीज कमी मावते, ही तिची मर्यादा. घन बॅटरी, म्हणजे जिच्यात आयन वाहून नेणारा पदार्थ द्रव नसून घन असतो ती, प्रयोगशाळेत उत्तम आहे, पण तिचे लाखोंनी आणि परवडेल असे उत्पादन करणे हे वेगळेच काम आहे. तिच्यासाठी आजचा निर्णय लांबवू नये. हायड्रोजनबाबत मोटारींपुरता माझा कौल प्रतिकूल आहे. विजेपासून हायड्रोजन करायचा, तो दाबून साठवायचा आणि गाडीत त्याची पुन्हा वीज करायची, या प्रवासात १०० युनिटांपैकी २५ ते ३५ चाकांपर्यंत पोहोचतात, तर थेट बॅटरीत भरल्यास ७० ते ८० पोहोचतात. पोलाद, खते आणि कदाचित जहाजे यांच्यासाठी तो हायड्रोजन राखून ठेवणे जास्त योग्य आहे.

प्लगवर भरता येणाऱ्या हायब्रिड गाडीबद्दल एवढेच सांगतो, की ती रोज भरणार असाल तरच घ्यावी. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष गाड्यांतल्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षानुसार, अशा गाड्यांचे रस्त्यावरचे उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट भरले, कारण बरेच मालक त्या प्लगला लावतच नाहीत.

तेव्हा आपली सध्याची गाडी चांगली चालत असेल आणि चार्जिंगची सोय नसेल, तर ती खुशाल वापरत राहावी. ती बदलायची वेळ आलीच असेल आणि रात्री प्लग मिळत असेल, तर पुढच्या शोधाची वाट पाहत नवी पेट्रोल गाडी घेण्यात मला हित दिसत नाही.

प्रश्न : नवी गाडी आवाक्याबाहेर आहे. तीन-चार वर्षे वापरलेली विजेची गाडी घेताना काय पाहावे?

उत्तर : माझ्या मते मर्यादित खर्च करणाऱ्यासाठी हा सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण या गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते आणि बॅटरी मात्र बहुधा तितकी उतरलेली नसते. तपासण्याची पद्धत वेगळी आहे. इंजिन, क्लच, गिअर, सायलेन्सर यांतले काहीच नसते. ब्रेक पॅडही कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करून वीज परत भरते. त्याऐवजी टायरांची झीज पाहावी, कारण वजन आणि झटक्यात मिळणारी ओढ यांमुळे ते लवकर उतरतात. गाडीखाली वाकून बॅटरीच्या डब्याच्या तळाला मोठा ठोका किंवा ओरखडा बसलेला नाही ना, हे टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. दगडावर आपटलेल्या डब्यावरून हमी नाकारली जाऊ शकते. पुढच्या बाजूची १२ व्होल्टची छोटी बॅटरीही तपासावी. ती उतरली की मोठ्या बॅटरीत भरपूर वीज असूनही गाडी सुरू होत नाही, आणि रस्त्यात अडकून पडण्याची कितीतरी प्रकरणे याच साध्या कारणाने घडतात.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल. अधिकृत सेवा केंद्र तो काढून देते; गाडीच्या निदान-सॉकेटला जोडायच्या छोट्या उपकरणानेही बऱ्याच गाड्यांत ही माहिती वाचता येते. त्याच्या जोडीला पूर्ण भरलेली गाडी मागून ओळखीच्या रस्त्यावर पन्नास-साठ किलोमीटर चालवावी आणि किती टक्के खर्च झाले ते पाहून अहवालाशी ताळा करावा. जलद चार्जरला एकदा लावून पाहणेही आवश्यक आहे, कारण चार्जिंगच्या तोंडातला बिघाड घरच्या सावकाश चार्जिंगमध्ये लक्षात येत नाही. हमी नव्या मालकाच्या नावावर हस्तांतरित होते का, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. विक्रेता क्षमतेचा अहवाल द्यायला टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ती गाडी सोडून दुसरी पाहावी.